जर्मनीला पीएचडीसाठी निघण्याआधी

अगं, तिकिटाचं नंतर बघ. आधी गणेशखिंडीला पुणे विद्यापीठात जाऊन ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज टाक. जन्मदाखल्यावरची आई-बाबांची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघ. माझ्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव निघालं, दुरुस्तीत दीड महिना गेला.

जर्मनीतल्या घराचं मात्र फार जपून. राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ‘पत्र देणार ना?’ हे खोली ठरवतानाच विचार. नाही म्हणाला तर ती खोली सोड, कितीही स्वस्त असू दे. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, हीटिंगचा खर्च त्यात धरत नाहीत. खोली न बघता पैसे पाठवू नकोस. त्यापेक्षा तिथल्या विद्यापीठाचं गेस्टहाऊस सुरुवातीला मिळतंय का, आजच मेल करून विचार.