मेटल थ्रीडी प्रिंटर आले तर वाळूजच्या टूलरूममधल्या व्हीएमसी ऑपरेटरचं काम जाईल का?

तुम्ही लिहिलंय की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका टूलरूममध्ये (साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) व्हीएमसी, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मिलिंग मशीन, चालवता, अॅल्युमिनियम डायकास्टिंगचे डाय (वितळलेला धातू दाबानं भरायचे पोलादी साचे) करता, आणि कुणीतरी सांगितलं की आता धातूसुद्धा प्रिंट होतो, पाच वर्षांत मिलिंग बंद. म्हणून दोन प्रश्न: काम जाईल का, आणि आतापासून पैसे भरून थ्रीडी प्रिंटिंगचा कोर्स करावा का. मी इथंच डाय डिझाइनमध्ये आहे, आणि प्रिंट केलेले इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये बसवायचे वेगळे तुकडे, आमच्याकडं वापरात आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. काम जात नाही. प्रिंटरमधून निघालेला जॉब (बनवलेला तुकडा) शेवटी व्हीएमसीच्या टेबलावरच येतो.

‘मिलिंग बंद’ म्हणणाऱ्यानं बहुतेक प्रिंटर चालू असतानाचा व्हिडिओ पाहिलाय, त्यानंतरचं काही पाहिलेलं नाही. व्हिडिओत दिसतं ते असं: धातूच्या बारीक पावडरचा ३० ते ६० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर प्लेटवर पसरतो, जिथं धातू हवा तिथं लेझर तो वितळवतो, प्लेट थराएवढी खाली जाते, पुन्हा नवा थर. १०० मिलिमीटर उंचीचा इन्सर्ट ४० मायक्रॉननं केला तर अडीच हजार थर झाले. पण प्रत्येक थर वितळून क्षणात थंड होतो आणि आकसायला बघतो. खालचा घट्ट झालेला धातू त्याला आकसू देत नाही. त्यामुळं अख्ख्या जॉबमध्ये ताण कोंडलेला राहतो. तसाच प्लेटवरून कापला तर डोळ्यांदेखत वाकतो. म्हणून आधी आतल्या होलमधली (पाणी फिरण्यासाठी ठेवलेल्या वाटांमधली) सुटी पावडर झटकून काढायची (ती राहून गेली आणि जॉब भट्टीत गेला, तर ती तिथंच घट्ट बसते), मग प्लेटसकट स्ट्रेस रिलीव्ह (भट्टीत तापवून ताण सैल करणं), मग वायरकटवर (विजेच्या तारेनं कापणाऱ्या मशीनवर) वेगळा करायचा, मग प्रिंट होताना खालून दिलेले सपोर्ट तोडायचे.

एवढं होऊनही हातात येतो तो खरखरीत पृष्ठभागाचा जॉब, आणि माप साधारण ०.१ मिलिमीटर इकडं-तिकडं. डायच्या पार्टिंगला (दोन अर्धे भाग मिळतात त्या सांध्याला) ०.१ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पहिल्याच शॉटला फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेला धातू. म्हणून अर्धा ते एक मिलिमीटर मटेरियल जास्त ठेवून प्रिंट करतात आणि फिनिशिंग मशीनवरच होतं. त्या वेड्यावाकड्या जॉबवर डेटम (माप मोजायची सुरुवात) कुठून धरायचा, तो पकडायला कुठं क्लॅम्प मारायचा, किती काढलं तर आतलं होल उघडं पडणार नाही, हे ठरवणारा माणूस मिळणं अवघड जातं. प्रिंटर चालवणारा त्यामानानं लवकर तयार होतो.

मग लोक एवढा खटाटोप करतात कशाला? डायच्या धंद्यात त्याचं मुख्य उत्तर एकच आहे, डाय थंड ठेवणारं पाणी. ड्रिल सरळच जातं. कोरच्या (पार्टची आतली बाजू घडवणाऱ्या डायच्या भागाच्या) ज्या कोपऱ्यात वितळलेलं अॅल्युमिनियम सर्वांत जास्त वेळ गरम राहतं, नेमकं तिथंच आपलं कूलिंग होल पोचत नाही. होलमध्ये पाणी वळवायला बॅफल (पट्टी) टाका, बबलर (नळी) टाका, तो कोपरा तापतोच. मग अॅल्युमिनियम तिथं चिकटतं, पार्टमध्ये पोरोसिटी (आत बारीक पोकळ्या) निघते, पॉलिशवाला शिफ्टभर डायवर चढून बसतो. प्रिंट केलेल्या इन्सर्टमध्ये होल हवं तसं वळवता येतं, आकाराच्या मागं मागं सारख्या अंतरानं फिरवता येतं. याला कन्फॉर्मल कूलिंग म्हणतात. त्यातही खाचाखोचा आहेत. आडवं गोल होल मोठं घेतलं तर त्याचं छत प्रिंट होताना खाली लोंबतं, म्हणून वरून टोकदार, थेंबाच्या आकाराचं होल काढावं लागतं. आणि होल पृष्ठभागाच्या फार जवळ नेलं तर उष्णतेनं पडलेली चीर पाण्यापर्यंत जाते आणि इन्सर्ट गळतो.

मटेरियलही बदलतं. डायसाठी आपण नेहमी वापरतो त्या एच-१३ पोलादामध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. लेझरखाली झटकन थंड होताना ते कडक होऊन तडकायला बघतं. ते प्रिंट करतात, पण सोपं नाही. म्हणून जास्त करून मॅरेजिंग स्टील वापरतात: निकेल १८ टक्क्यांच्या आसपास, कार्बन ०.०३ टक्क्यांहून कमी. प्रिंट झाल्यावर ते साधारण ३५ एचआरसीला (हे कडकपणाचं माप) असतं, आरामात कटिंग होतं. मग ४९० अंश सेल्सिअसला सहा तास ठेवलं की ५० च्या वर जातं. व्हीएमसीवाल्यासाठी हे मटेरियल म्हणजे सुखच आहे.

आपल्याकडची खरी अडचण मात्र कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. एमआयडीसीला जायकवाडीचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी किती कारखान्यांत चालतं ते तुम्ही बघताच. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. सरळ होलमध्ये क्षार साचले तर ड्रिल घालून मोकळं करता येतं. तीन-चार मिलिमीटरच्या नागमोडी होलमध्ये साचले तर ना ड्रिल जातं ना तार. महिन्या-दोन महिन्यांत तो महागाचा इन्सर्ट साध्या इन्सर्टपेक्षा जास्त तापायला लागतो आणि दोष प्रिंटिंगला लागतो. माझं तर मत आहे की प्रक्रिया केलेल्या पाण्याचं बंद सर्किट नसेल तर कन्फॉर्मल कूलिंगच्या नादी लागूच नये.

पूर्ण डाय कुणी प्रिंट करत नाही, परवडत नाही. खालचा साधा भाग नेहमीसारखा मशीन करून घेतात, तो प्रिंटरमध्ये बसवून अवघड टोकच वर प्रिंट करतात. तिथंही खालच्या तुकड्याचं माप आणि सपाटी व्हीएमसीवाल्याचीच.

हे तंत्र कुठं जिंकतं हे बघायचं तर इस्रोकडं बघा. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस-४ इंजिन त्यांनी प्रिंट करून ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून दाखवलं. १४ भागांचं एकच अंग झालं, १९ वेल्डिंग जोड गेले, आणि एका इंजिनाला ५६५ किलो फोर्जिंग (दाबून-ठोकून घडवलेला धातू) आणि पत्रा लागायचा तिथं १३.७ किलो पावडर पुरली. नग थोडे, आकार गुंतागुंतीचा, कच्चा माल महाग. अशा ठिकाणी प्रिंटरपुढं कुणी टिकत नाही. टू-व्हीलरच्या इंजिन कव्हरचे लाखो नग हवेत तिथं डायकास्टिंगच राहणार, आणि डायकास्टिंग आहे तोवर डाय लागणार. जालन्याच्या कारखान्यांत निघणाऱ्या बांधकामाच्या सळईला तर या पावडरचा वासही लागणार नाही.

झिजलेल्या डायच्या कडेवर लेझरनं धातू चढवून दुरुस्ती करतात, तोही याच घराण्यातला प्रकार. टिग वेल्डिंगपेक्षा (विजेच्या आर्कनं करायच्या वेल्डिंगपेक्षा) उष्णता कमी जाते, डाय कमी वाकतो. आपल्या भागात डाय दुरुस्तीचं काम भरपूर आहे, त्यामुळं मला तो रस्ता प्रिंटिंगपेक्षा जवळचा वाटतो.

आता कोर्सचं. प्लास्टिकचा साधा प्रिंटर कोर्सशिवाय शिकता येतो. त्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि मशीन घरात ठेवण्याइतकी स्वस्त झाली. टूलरूमला सांगून एक घ्यायला लावा. फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची बैठक), चेकिंगचे साचे, सॉफ्ट जॉ (जॉबला ओरखडे न पाडणारे पकडीचे जबडे) यांना उपयोगी पडतो. पीएलए नावाचं प्लास्टिक मात्र वापरू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीत ठेवलेलं फिक्स्चर वाकडं निघेल. पीईटीजी प्लास्टिक घ्या.

मेटलच्या कोर्सला फी भरायच्या आधी एवढंच विचारा की पावडर भरण्यापासून स्ट्रेस रिलीव्ह, वायरकट आणि सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर) माप घेण्यापर्यंत एक तरी जॉब आमच्या हातानं करू देणार का. ‘सॉफ्टवेअर शिकवतो, मशीन दाखवतो’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. तेच पैसे जिओमेट्रिक टॉलरन्सिंग (ड्रॉइंगवर आकार आणि जागेत किती फरक चालेल ते सांगायची पद्धत) आणि हीट ट्रीटमेंट नीट शिकण्यात घाला. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण केंद्रामध्ये कामावर असणाऱ्यांसाठी सध्या काय चालू आहे, याची चौकशी एखाद्या सुट्टीला करून या.