दोरी, टी-बार आणि पडायची भीती : तुमचे प्रश्न

नमस्कार ताई. मुलगा क्राइस्टचर्चला असतो. जुलैत तो आम्हा दोघांना ब्रोकन रिव्हर आणि क्रेगीबर्नच्या स्की मैदानांवर नेणार आहे. तिथे खुर्चीची लिफ्ट नाही. कमरेला पट्टा बांधायचा, त्याला लोंबणारा लोखंडी अडकित्ता धावत्या दोरीवर आवळायचा आणि ओढलं जात वर जायचं म्हणे! माझं वय ५६. क्वीन्सटाउनला स्की शिकले, बऱ्यापैकी जमतं. यजमान तर नवशिकेच. जावं का?
— एक वाचक, ऑकलंड

तुम्ही जा. यजमानांना मात्र तडक क्रेगीबर्नला नेऊ नका, मुलगा कितीही म्हणाला तरी. तिथले उतार नवशिक्यांचे नाहीतच. त्याच रस्त्यावर माउंट चीझमन आहे, तिथे टी-बार आहेत, म्हणजे उलट्या T आकाराचा दांडा मागे लावून उभ्या माणसाला वर ढकलणाऱ्या लिफ्ट. त्यांची सुरुवात तिथे होऊ दे.

आता दोरीचं. मी याच डोंगरांत स्की करते, त्यामुळे हातचं न राखता सांगते. बहुतेक जण पडतात ते अडकित्त्यामुळे नाही, घाईमुळे. दोरी पळत असते आणि तुम्ही उभ्या असता. अशात ती एकदम गच्च धरली की खांद्याला हिसका बसतो आणि तुम्ही आडव्या. म्हणून आधी दोन्ही स्की दोरीला समांतर, चढाच्या दिशेने. हाताने दोरी नुसती वेढायची, तिला सरकू द्यायचं, मग पकड हळूहळू घट्ट करत जायची. दोरीचा वेग तुमच्या अंगात आला की दुसऱ्या हाताने अडकित्ता तिच्यावर टाकायचा आणि मुठी आवळून धरायच्या. तेवढ्यात ओढ हातांवरून कमरेवर जाते. हे कळलं की निम्मी भीती संपते, कारण वरपर्यंत दंडांच्या जोरावर लटकायचं नसतं.

वाटेत दोरी छोट्या चाकांवरून जाते. अडकित्ता त्यावरून खटकन जातो. आवाजाने दचकू नका. बोटं मात्र अडकित्त्याच्या मुठीवरच हवीत, दोरीवर नकोत. या नियमाला अपवाद नाही. दोरीला बाजूला ओढायचंही नाही, नाहीतर ती चाकावरून उतरते आणि मागचे सगळे खोळंबतात. वर पोचलात की मूठ सोडायची, अडकित्ता सुटतो, आणि लगेच बाजूला व्हायचं. मधेच तोल गेला तरी तेच : सोडा आणि वाटेतून सरका.

दोरी हातमोजे खाते. त्यावर चढवायची चामड्याची आवरणं मिळतात, ती घ्या. महागड्या मोज्यांची हौस इथे कामाची नाही. मफलर घरी. वेणी जॅकेटच्या आत. पाठपिशवीचे लोंबते पट्टे खोचून टाका. आणि लिफ्टवाल्याला आधीच सांगा, 'पहिल्यांदाच आलेय'. या मैदानांचा कारभार क्लबांचे सभासद चालवतात, बरीच कामं स्वतः अंगावर घेतात. रांगेतलं कुणी ना कुणी तुमच्या शेजारी उभं राहून दाखवतंच.

मुलगी नऊ वर्षांची, मी सहा फूट. टी-बारवर दोघं एकत्र गेलो तर दांडा तिच्या पाठीत आणि माझ्या गुडघ्यामागे येतो. काय करावं?
— एक बाबा, झ्युरिक

तिला तिच्या उंचीच्या जोडीदाराबरोबर पाठवा, किंवा एकटीला. खरंच. लहान मुलं एकटी छान जातात. लिफ्टवाला दांडा हातात देतो. बरोबरच जायचं असेल तर दांडा तिच्या सोयीने, तिच्या बुडाखाली येऊ द्या. गुडघ्यामागची गैरसोय तुम्ही सोसा.

आणि तिला एकच गोष्ट घोकवा : बसायचं नाही. टी-बार हा बाक नव्हे. तो ढकलतो, आपण उभं राहायचं, गुडघे सैल. बसलं की दोरी लांबते आणि माणूस बर्फात. गंमत म्हणजे ही खोड लिफ्टइतकीच जुनी असावी. एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने तुमच्याच देशात, दावोसच्या बोल्गन उतारावर, १९३४च्या नाताळात अशी पहिली लिफ्ट सुरू केली. आधी दांडा एकाच बाजूला वळलेला होता, एकट्यासाठी. दोघांचा टी नंतर आला. त्याच्याही आधी, १९०८मध्ये, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोलाख गावी रोबेर्ट विंटरहाल्डर नावाच्या सराईवाल्याने पाणचक्कीच्या जोरावर दोरी फिरवून पाहुण्यांना टेकडी चढवली होती. अमेरिकेत व्हरमाँटच्या वुडस्टॉकला १९३४मध्ये फोर्ड गाडीचं इंजिन दोरीला जुंपलं. जुगाड काही आपलीच मक्तेदारी नाही.

'ही जुनाट यंत्रं काढून खुर्च्या का नाही लावत?' असं तुम्ही पुढे विचारलंय. एक तर पैसा. दुसरं वारं : खुर्च्या बंद ठेवाव्या लागतात त्या वाऱ्यातही जमिनीलगतची लिफ्ट पुष्कळदा चालते. आणि हिमनदीवर तर खांबांखालचा बर्फच सरकत असतो. हलक्या टी-बारचे खांब पुन्हा जागेवर आणणं सोपं. तुमच्याकडच्या सास-फेच्या हिमनदीवर उन्हाळ्यात गेलात तर हेच दिसेल.

फेब्रुवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला स्की शिकायला जातोय. तिथली ओढून नेणारी छोटी लिफ्ट अगदीच पोरकट वाटते. गोंडोलाने (केबलकारने) थेट वर जाऊन शिकलं तर?
— एक वाचक, पुणे

नाही. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३९५० मीटरपर्यंत जातो. तिथून खाली येणं म्हणजे खुल्या डोंगरातून उतरणं, आणि हिमस्खलनाचा धोका वेगळा. तुम्ही खालच्या मैदानातच राहा, लिफ्ट पकडा, सोडा, पुन्हा रांगेत उभे राहा. पोरकट वाटणाऱ्या त्या लिफ्टवर स्की सरळ ठेवता येत नसतील, तर उतारावर वळण घेताना काय होईल ते मित्रांना विचारा. वर जायची हौस असेल तर बूट घालून, स्की खाली ठेवून जा. पहिल्या टप्प्यावर कोंगदूरीला चहा मिळतो.