दागिना कुणाच्या हातचा? छोट्या कारागिरांकडून खरेदी करणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

सणांचे आणि लग्नसराईचे दिवस जवळ आले की वाचकांची दागिन्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांना मोठ्या पेढीतला दागिना नको आहे. एकट्यानं किंवा दोन-चार कारागिरांना सोबत घेऊन काम करणाऱ्या कुणाकडून तरी घ्यायचा आहे, पण अशी माणसं शोधायची कुठे आणि पारखायची कशी, हे कळत नाही. त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत.

ठाण्याहून एक भाऊ: भाऊबीजेला बहिणीला चांदीचं काहीतरी द्यायचंय, बजेट तीन हजार. इन्स्टाग्रामवर 'हँडमेड' म्हणवणारे शेकडो ब्रँड दिसतात आणि सगळ्यांकडे तीच कानातली. खरं स्वतः घडवणारं कोण, हे कसं ओळखायचं?

तीच कानातली दिसतात, कारण ती खरोखरच तीच असतात. ठोक बाजारातून माल उचलायचा, फोटोही पुरवठादाराचेच वापरायचे आणि वर आपलं नाव लावायचं, असा धंदा पुष्कळ चालतो. त्यात बेकायदा काही नाही, पण तुम्ही जे शोधताय ते हे नव्हे. म्हणून पहिलं काम म्हणजे आवडलेल्या दागिन्याचा फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपवर, टाकून बघा. तोच फोटो ठोक विक्रीच्या चार साइटवर सापडला, तर पुढे चौकशी करायची गरज नाही.

फोटो स्वतःचा निघाला, तर मेसेज करून तीन गोष्टी विचारा. हे कोण घडवतं? धातू कोणता आणि वजन किती ग्रॅम? आणि यात थोडा बदल करून मिळेल का, म्हणजे हुकाऐवजी फिरकी, किंवा लोंबता भाग अर्धा सेंटिमीटर कमी? तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. ज्याच्याकडे स्वतःची भट्टी आणि हत्यारं आहेत, तो 'हो, आठ दिवस लागतील' म्हणतो, नाहीतर 'फिरकी लावली तर वजन मागे जाईल, कानातलं उलटं पडेल' असं कारण तरी सांगतो. फक्त विकणाऱ्याला यातलं काहीच सांगता येत नाही.

मग दागिन्याच्या पाठीचा फोटो मागवा. समोरून सगळेच दागिने देखणे दिसतात, पाठीवर काम कळतं. साच्यात ओतलेल्या मालाच्या पाठीवर बारीक खड्डे आणि साच्याची रेघ राहते. हातानं जोडलेल्या कामात डाक दिलेल्या, म्हणजे धातू वितळवून सांधलेल्या, जागा दिसतात, कानशीचे ओरखडे असतात, आणि जोडीतली दोन कानातली तंतोतंत सारखी नसतात. ओतीव काम वाईट असतं असं मुळीच नाही. छत्तीसगडमधल्या बस्तरची ढोकरा कला ओतकामाचीच आहे, तिथे प्रत्येक दागिन्यासाठी मेणाचा नवा नमुना होतो आणि धातू ओतताना तो वितळून जातो. पण हातानं घडवल्याचे पैसे घेऊन ओतीव माल देणं ही फसवणूकच.

शोध ब्रँडच्या नावानं सुरू करण्यापेक्षा कलेच्या आणि गावाच्या नावानं करा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घराघरांत चांदीकाम चालतं, पैंजणांसाठी तर गाव प्रसिद्धच आहे. चांदीच्या तारांचं जाळीकाम हवं असेल तर ओडिशातल्या कटकची रूपा तारकसी बघा, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन, जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव, कारागिरांसाठी काम करणाऱ्या 'दस्तकार' संस्थेचे बाजार, अशा ठिकाणी कारागीर स्वतः उभे असतात. वस्तू हातात घेऊन बोला, नंबर घ्या, त्या दिवशी काही घेतलं नाही तरी चालेल. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना त्यांचे नेहमीचे कारागीर असेच मिळाले आहेत. मोठ्या शहरांतले स्वतःच्या नावानं काम करणारे डिझायनरही जरूर बघा. कोलकात्याच्या एना अहलुवालिया किंवा हैदराबादच्या सुहानी पित्ती यांचं काम लांबूनही ओळखू येतं. त्यांच्या वस्तू तुमच्या बजेटात बसोत न बसोत, नजर तयार होते. आणि नाव सुटसुटीत आहे म्हणून ब्रँड छोटा असेल असं समजू नका. 'मिआ' तनिष्कचा आहे आणि 'कॅरटलेन' टायटनकडे आहे. त्यांचा माल चांगला असतो, पण तुमचा शोध वेगळा आहे.

बजेटबद्दल स्पष्टच सांगते. २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या पुढे गेली. तीन हजारांत भरगच्च हार मागू नका, हलक्या कानातल्यांची एक नीट घडवलेली जोडी मागा. आगाऊ पैसे देण्याआधी वजन, शुद्धता आणि देण्याची तारीख लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी पुरे. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नाशिकहून एक नणंद: वहिनीला प्रदर्शनातून ऑक्सिडाइज्ड झुमके आणून दिले. दोन दिवसांत तिचे कान सुजले, पाणी यायला लागलं. तिला चांदी सोसत नसेल का? आता वाढदिवसाला काय देऊ?

ती चांदी नसावी. ऑक्सिडाइज्ड हे धातूचं नाव नाही, ती काळपट झळाळीची प्रक्रिया आहे. ती खऱ्या चांदीवरही करतात आणि पितळेवरही. प्रदर्शनातले स्वस्त झुमके बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. कानाला त्रास होतो तो निकेलचा. एकदा निकेलची ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते, म्हणून 'थोडा वेळ घालून बघ' असा आग्रह वहिनींना करू नका. सूज उतरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

भेट देताना ९२५ चांदी घ्या. त्यात ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक वेळा तांबं असतं. पण कानात जाणारी दांडी कशाची आहे हे वेगळं विचारा. वरचा झुमका चांदीचा आणि दांडी भलत्याच धातूची, असं सर्रास असतं, आणि कान दुखतो तो दांडीनं. युरोपात टोचलेल्या जागी जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटावं असा नियम आहे. निर्यात करणाऱ्या छोट्या ब्रँडना तो माहीत असतो, तेव्हा त्यांना बेधडक विचारा. फारच नाजूक कान असतील तर टायटॅनियमची दांडी सगळ्यात सुरक्षित. पांढरं सोनं घेत असाल तर सावध राहा, काही मिश्रणांत निकेल असतं. घरी तपासायची द्रावणंही मिळतात. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन दागिन्यावर घासायचे, बोळा गुलाबी झाला की निकेल आहे.

डब्लिनहून एक आई: लेकीच्या विशलिस्टवर पहिलं नाव कोल्हापुरी साजाचं आहे. माझ्या आईचा साज चार तोळ्यांचा होता, तेवढं सोनं आता परवडत नाही. एखाद्या कारागिराकडून हलका साज करून घेता येईल का? लांबून खात्री कशी करायची?

लेकीनं साज मागितला हे वाचून फार बरं वाटलं. हा दागिना नीट समजून घेतला की हलका करणं सोपं जातं. परंपरेनं साजात २१ पानं धरतात: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणकाचं एक, पाचूचं एक आणि शेवटचं डोरलं. मधे जवाच्या आकाराचे जवमणी. ही पानं भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्यावर आकार उठवून आत लाख भरतात, त्यामुळे डोळ्याला भरगच्च दिसणाऱ्या साजात सोनं मानानं कमी लागतं. मग तो एखाद्या पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडून, गाठवून घेतात आणि मागे गोंडा येतो.

वजन कमी करायचं असेल तर पत्रा आणखी पातळ करायला सांगू नका, पानं चेपतात. त्यापेक्षा पानं कमी करा. मासा, कासव, शंख, कमळ अशी लेकीला आवडतील ती सात किंवा नऊ पानं निवडा, मधे जवमणी भरा आणि मागे सोन्याच्या साखळीऐवजी रेशमी गोंडाच ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे चांदीचा साज करून त्यावर सोन्याचं पाणी. रोज कॉलेजला घालायचा असेल तर मी हाच सुचवीन. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, दोन्ही प्रकारची कामं होतात. कुणी नातेवाईक तिकडे जाणार असतील तर त्यांना व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि लेकीला समोर बसवा, पानं तिची तिला निवडू द्या.

आता खात्रीचं. लाखेचा दागिना वजनकाट्यावर ठेवला की लाखही मोजली जाते. म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन ही दोन्ही बिलावर वेगवेगळी हवीत, आणि सोन्याचे पैसे निव्वळ वजनाचेच द्यायचे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर बीआयएसची म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धता आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. २२ कॅरेटसाठी ९१६ आणि १८ कॅरेटसाठी ७५० हे आकडे. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कुठे, कधी, कोणत्या शुद्धतेचा म्हणून शिक्का पडला ते डब्लिनमध्ये बसूनही दिसतं. मात्र वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना हॉलमार्कची सक्ती नाही, तशीच दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडावालाही नाही. छोटा कारागीर नेमका या सवलतीत बसू शकतो. शिक्का नाही म्हणून त्याला लबाड समजू नका, पण एवढ्या किमतीच्या वस्तूला मी शिक्क्याचा आग्रह धरीन. हॉलमार्किंगचं शुल्क नगाला ४५ रुपये आणि वर कर एवढंच आहे.

पाठवण्याबद्दल म्हणाल तर सोनं कुरिअरनं मागवू नका. बऱ्याच कंपन्या ते घेत नाहीत आणि घेतलं तरी विमा क्वचितच पुरा मिळतो. येणाऱ्या-जाणाऱ्या घरच्या माणसाकडून, बिलासकट आणवा. आणि लेकीला सांगून ठेवा: लाखेला उष्णता चालत नाही. गरम पाण्यानं आंघोळ करताना साज काढायचा, केस वाळवायचं यंत्र त्याच्यापासून लांब ठेवायचं. एखादं पान निखळलं तर तिथल्या सोनाराकडे डाक मारायला देऊ नका, आतली लाख वितळून बाहेर येईल.

सोलापूरहून एक वाचक: कारागिराकडून घेतलेल्या चांदीच्या दागिन्याला मोड येत नाही, निम्मे पैसे मजुरीत जातात, म्हणून सासूबाईंचा विरोध आहे. त्यांना काय सांगू?

त्यांचं गणित बरोबर आहे, ते नाकारू नका. अशी वस्तू मोडायला गेलात तर धातूचेच पैसे येतील, तेही घट वजा जाऊन. अडीअडचणीची पुंजी म्हणून सोनं ठेवायचं असेल तर हॉलमार्कचं वळं किंवा नाणं घ्या, त्यात घडणावळ कमी जाते. हा दागिना पुंजी म्हणून घ्यायचाच नसतो. तारकसीच्या एका जोडीत कारागिराचे दिवस जातात. चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची, दोन तारा पिळायच्या, चपट्या करायच्या, चिमट्यानं वळवून चौकटीत बसवायच्या आणि तार न वितळू देता डाक द्यायची. मजुरी या हाताची आहे, आणि ती मिळाली नाही तर त्याची मुलं हे काम शिकणार नाहीत. पैठणी घेताना आपण तिची मोड विचारत नाही. सासूबाईंनाही एकदा प्रदर्शनात घेऊन जा आणि काम चालू असताना समोर बसवा.

रत्नागिरीहून एक मैत्रीण: 'एक ग्रॅम सोन्या'चे दागिने किती टिकतात? वर्षभरात उतरले तर पैसे परत मागता येतील का?

'एक ग्रॅम' हे बाजारातलं नाव आहे, त्यात एक ग्रॅम सोनं असेलच असं नाही. मुलामा किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि खाली धातू कोणता, हेच दोन प्रश्न विचारा. अमेरिकेत 'व्हर्मील' म्हणून विकायचं तर खाली ९२५ चांदी आणि वर किमान अडीच मायक्रॉन सोनं लागतं. आपल्याकडे हा शब्द सैलपणे वापरतात, तेव्हा आकडा लेखी मागा. अर्ध्या मायक्रॉनच्या आतला मुलामा रोजच्या घामानं आणि अत्तरानं काही महिन्यांत जातो, अंगठीवरचा तर सगळ्यात आधी. पैसे परत मिळणं ब्रँडनं काय कबूल केलंय त्यावर आहे. खाली चांदी असेल तर पुन्हा पाणी चढवून घेणं परवडतं, पितळ असेल तर सहसा नाही.

औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर, एक वाचक: नवरा हौसेनं दागिने आणतो, पण माप नेहमी चुकतं. त्याला कळेल अशी विशलिस्ट कशी करू?

नुसत्या चित्रांची यादी केलीत तर तो चित्रासारखं दिसणारं काहीतरी आणेल. प्रत्येक वस्तूखाली कारागिराचं नाव, धातू आणि माप लिहा. बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं: दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, सव्वादोन इंच किंवा ५७ मिलिमीटर. दोन-सहा साधारण ६० मिलिमीटर, दोन-आठ साडेत्रेसष्ट. तुमच्या नीट बसणाऱ्या बांगडीत पट्टी धरून आतून आत मोजा. बांगडी कडीनं उघडणारी असेल तर एक माप कमी चालतं, कारण ती मुठीवरून चढवावी लागत नाही.

अंगठीसाठी बोटाभोवती दोरा गुंडाळून परीघ मिलिमीटरमध्ये घ्या, त्यातून ४० वजा केले की आपल्याकडचं माप साधारण मिळतं. ५२ मिलिमीटर असेल तर १२ नंबर. माप संध्याकाळी घ्या, सकाळी गारठ्यात बोटं आखडलेली असतात. कोणत्या हाताचं कोणतं बोट तेही लिहा, उजव्या आणि डाव्या हातात एका नंबराचा फरक सहज पडतो. रुंद पट्टीची अंगठी हवी असेल तर एक नंबर वाढवूनच लिहा.