लेकीशी बोलायला विषयच उरत नाही, तेव्हा

साताऱ्यात समुपदेशनाचं काम करताना एक तक्रार सतत कानावर येते. "मुलगी पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी येते, जेवते, झोपते, मोबाईल बघते आणि रविवारी संध्याकाळी स्वारगेटची विनाथांबा पकडून जाते. विचारलं तर ‘बरं चाललंय’ एवढंच. तुम्ही तिला बोलावून जरा समजावा." मुलगा असला तरी तक्रार हीच असते.

आईवडिलांची कळकळ खरी असते, पण समजावण्याचं काम मी घेत नाही. तिशीतल्या माणसाला परक्याच्या खोलीत बसवून "आईबापांशी बोल" असं सांगितलं, तर ते दोन दिवस बोलतं आणि पुढचे सहा महिने घरी यायचं टाळतं. त्याऐवजी मी आधी आईवडिलांना विचारते, "तिच्याशी शेवटचं तिच्या लग्नाबद्दल, पगाराबद्दल किंवा तब्येतीबद्दल नसलेलं काय बोललात?" बहुतेकांना आठवत नाही.

अशाच एका बापलेकीची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहायला दोघांचीही परवानगी आहे.

वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, वय एकसष्ट. मुलगी त्यांना आबा म्हणते, मीही तेच म्हणेन. मुलगी एकतीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी. आबा पहिल्यांदा आले ते हातात बायोडाटाचा कागद घेऊनच. "इतकी स्थळं आणली, एकाचाही फोटो बघत नाही." मी दोघांना वेगवेगळं भेटायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, "आबांचा फोन आला की मला कळतं, तिसऱ्या वाक्याला स्थळ येणार. म्हणून मी दुसऱ्या वाक्याला फोन ठेवते." आणि आबा म्हणाले, "मग काय बोलू? तिच्या कामातलं मला काही कळत नाही. लग्नातलं कळतं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. बाहेरून हट्ट दिसत होता, पण आत एवढंच होतं की लेकीशी बोलायला या माणसाकडे दुसरा विषय नव्हता.

बोलता बोलता मुलीने सांगितलं की ती पुण्यात सायकल चालवते आणि जानेवारीत इथल्या सायकलस्वारांच्या एका गटाबरोबर सातारा ते पाचगणी मदतफेरी करणार आहे. डायलिसिसच्या पेशंटांच्या प्रवासखर्चासाठी ही फेरी होती. उपचार सरकारी योजनेत बसले तरी गावाकडून येण्याजाण्याचं भाडं घरच्यांनाच काढावं लागतं, आणि ते आठवड्यातून दोनदा-तीनदा. आबांच्या बोलण्यातही सायकल आली होती. कोरेगाव तालुक्यातल्या गावातून आयटीआयला ते रोज सायकलने यायचे. दोघांनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितलेल्या या दोन गोष्टी एकमेकांना माहीतच नव्हत्या. मी मुलीला एवढंच सुचवलं, "आबांना विचारून बघ, येता का." ती कचरली, पण विचारलं. आबा आधी "या वयात?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तिला फोन करून अंतर विचारलं.

सायकलच का, असं तुम्ही विचाराल. मानसशास्त्रात मुझफ्फर शरीफ यांचा १९५४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचं शिबिर भरवलं, मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. लवकरच दोन्ही गटांत हाडवैर झालं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. वैर तर कमी झालं नाहीच, उलट जेवताना ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं गेलं. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, खाण्याचं सामान आणणारा ट्रक अडला, आणि कुठल्याही एका गटाला एकट्याने निभणार नाही अशी कामं समोर आली. तेव्हा मुलं बदलायला लागली. रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढलेलाच दोर त्यांनी ट्रकला बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. या प्रयोगावर नंतर बरीच टीकाही झाली, आणि बापलेक म्हणजे काही दोन टोळ्या नव्हेत. तरी माझ्या खोलीत मी हे पुन्हा पुन्हा पाहते की समोरासमोर बसवून "बोला आता" म्हटलं की माणसं आक्रसतात, आणि दोघांच्याही बाहेरचं एखादं काम दोघांनी मिळून अंगावर घेतलं की मोकळी होतात.

पण नुसतं एकत्र करून भागत नाही. बाप त्या कामातही बापच राहिला तर घरातलं सगळं तिथेही येतं. म्हणून आम्ही कागदावर खाती वाटली. दोन्ही सायकलींची देखभाल आबांकडे: चेन, ब्रेक, हवा, पंक्चर. वेग, थांबे, खाणंपिणं मुलीकडे. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा. आणि सायकलवर असताना लग्नाचा विषय नाही. कायमचा बंद नाही, फक्त सायकलवर. आबांना रक्तदाबाची गोळी सुरू होती, म्हणून आधी डॉक्टर, ईसीजी आणि ट्रेडमिलची तपासणी, मगच सायकल, हेही त्याच कागदावर लिहिलं.

यंत्राच्या खात्यात आबा रमले. गटातल्या एकाने गिअरची सायकल वापरायला दिली होती. मागच्या चाकाजवळचा, गिअर बदलणारा डिरेलर त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि दुसऱ्या आठवड्यात तो उघडून, साफ करून, केबलचा ताण बरोबर बसवून दाखवला. मुलीने मला फोटो पाठवला होता. त्यात आबांची बोटं काळी झालेली होती आणि ते हसत होते.

वेगाच्या खात्यात मात्र अडलं. जुन्या सायकलला गिअर नव्हता, त्यामुळे चढ आला की उभं राहून पायाचा सगळा जोर लावायचा, ही त्यांची सवय. मुलगी सांगायची, "आबा, गिअर हलका करा, पाय फिरते ठेवा, जोर लावू नका." शहरातून निघून कासच्या दिशेने चढणाऱ्या यवतेश्वर घाटात एका रविवारी आबा तिला मागे टाकून जड गिअरवरच निघाले. वळणावर ती पोचली तेव्हा ते कठड्याला धरून धापा टाकत होते. ती रस्त्यातच ओरडली. फिरायला आलेली माणसं बघत राहिली. आबा एक शब्द न बोलता खाली उतरले, आणि पुढचे दोन रविवार सायकल निघाली नाही.

ते माझ्याकडे आले तेव्हा अपमान जिव्हारी लागलेला होता. "आयुष्यभर मी दुसऱ्यांना शिकवलं. आता लेकरानं मला चारचौघांत बोलायचं?" मी म्हटलं, ओरडणं बरोबर नव्हतं, ते तिच्याशी मी बोलेन. मग विचारलं, वर्कशॉपमध्ये एखाद्या नव्या पोराने तुमच्या कामातली चूक दाखवली तर काय करायचात? ते लगेच म्हणाले, "ऐकायचो. गाडीत माणसं बसणार असतात." एवढं बोलून तेच थांबले. मीही पुढे काही जोडलं नाही. त्या रात्री त्यांनी मुलीला फोन केला, "किती वेगानं जायचं ते तूच सांग." ती मला म्हणाली, एवढं वाक्य ऐकून तिला रडू आलं. आबांनी काहीतरी आपल्यावर सोपवलं आणि ते परत मागून घेतलं नाही, असं तिच्या आठवणीत याआधी घडलेलं नव्हतं.

या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग मला मात्र सायकल चालवण्यातला वाटत नाही. तो पैसे गोळा करण्यातला वाटतो. प्रत्येक सायकलस्वाराने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे होते. आबांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. पण त्यांचा वर्कशॉपमधला एक जुना सोबती स्वतः डायलिसिसवर होता. जावळीतल्या गावातून यायचं, चार तास मशीनला बसायचं, थकलेल्या अंगाने परत एसटीत चढायचं, हे आबांनी पाहिलेलं. म्हणून ते कागद घेऊन बाहेर पडले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जुनी मंडळी बसतात, त्यांच्यापासून सुरुवात केली. त्यांत एक जण असा होता की युनियनच्या भांडणानंतर दोघांनी अनेक वर्षं तोंड बघितलं नव्हतं. आबांनी त्याच्याहीसमोर कागद धरला. मुलगी मागे सायकली धरून उभी होती. नंतर ती मला सांगत होती, "आबा त्याला म्हणाले, आपलं आपल्यात राहू दे, हे त्याच्यासाठी आहे. मला माहीतच नव्हतं आबा असं बोलू शकतात."

आपल्या आईवडिलांना मुलं बहुतेक वेळा आईवडील म्हणूनच पाहतात. बाहेरच्या जगात अवघडणारं, धीर गोळा करणारं, दुसऱ्यासाठी कमीपणा घेणारं माणूस म्हणून पाहायची संधी त्यांना क्वचित मिळते. ती मिळाली की आदर आतून येतो, सांगावा लागत नाही.

फेरीच्या दिवशी पोवई नाक्यावरून अंधारातच सगळे निघाले. थंडी चांगलीच होती. महामार्गाच्या कडेने लिंब फाटा, आनेवाडीचा टोलनाका, मग पाचवडला आत वळून वाई. हा सगळा टप्पा सोपा. वाईत कृष्णेच्या काठी केळी आणि चहा झाला. खरी परीक्षा पुढे पसरणी घाटात. बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास चढ, आणि एका बाजूला धोमचं पाणी खाली खाली जाताना दिसतं.

घाटाच्या मध्यावर आबा उतरले आणि सायकल हाताने ढकलायला लागले. म्हणाले, "तू हो पुढं, मी येतो सावकाश." मुलगीही उतरली. "वेग माझ्याकडं आहे, आबा." दोघं चालत निघाले. मागून येणारे लोक हात करून पुढे जात होते. आणि त्या चालण्यात आबांनी विचारलं, "तुझं ऑफिसात नेमकं काम काय असतं गं?" नोकरी लागून कितीतरी वर्षं झाली होती. तिने सांगितलं: बँकेचं ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ती त्यातल्या चुका शोधते, मुद्दाम चुकीचं वापरून बघते, कुठे अडतंय ते लिहून देते. आबा म्हणाले, "म्हणजे गाडी डेपोतून सुटायच्या आधीची तपासणी." ती म्हणाली, "अगदी तेच." मग दांडेघर नाका जवळ येईपर्यंत आबा विचारत राहिले: चूक राहिली तर कुणावर येतं, साहेब ऐकतात का, रात्री का थांबावं लागतं. शेवटचा टप्पा दोघांनी सायकलवर बसून पुरा केला.

लग्नाचं काय, हे वाचणाऱ्यांच्या मनात असणारच. काही महिन्यांनी, घरी चेनला तेल घालत असताना, मुलीने आपणहून विषय काढला. एक नातं होतं, ते तुटलं, आणि सध्या स्थळं बघायची तिची तयारी नाही. आबा "बरं" म्हणाले. रात्री मला फोन केला, आवाज कापत होता. "मला लई राग आला. पण मी काही बोललो नाही. बरोबर केलं का?" मी म्हटलं, राग गिळलात ते त्या क्षणी ठीकच झालं, पण "बरं" वर सोडू नका. तिला वाटेल तुम्हाला पटलं नाही म्हणून गप्प आहात. उद्या तिला एवढंच सांगा की तू सांगितलंस ते मी ऐकलं, आणि तुला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. त्यांनी तसं सांगितलं. बायोडाटाचे कागद अजून कपाटात आहेत, चिंता गेलेली नाही, तिचा निर्णयही बदललेला नाही. फोन मात्र आता दुसऱ्या वाक्याला संपत नाही.

सायकल येत नसेल, गुडघे साथ देत नसतील, तरी हरकत नाही. आजीच्या पेन्शनची कागदपत्रं लावणं, गावाकडच्या घराची कौलं शाकारणं, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेणं, काहीही चालेल. काम खरं हवं, त्याचा उपयोग तुमच्या दोघांच्या बाहेर कुणाला तरी व्हायला हवा, आणि त्यातलं निदान एक खातं पूर्णपणे मुलाकडे किंवा मुलीकडे असायला हवं. देखरेखीसकट सोपवलेलं खातं सोपवलेलं नसतं.

काही घरांत मात्र हा मार्ग मी सुचवत नाही. घरात मारहाण झाली असेल, दारूचा प्रश्न असेल, तर मुलांचं दूर राहणं हे त्यांनी स्वतःला सांभाळणं असतं, ते आधी मान्य करावं लागतं. आणि मूल सगळ्यांशीच बोलायचं थांबलं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर सायकलचा विचार करत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, तो मोफत आहे. किंवा सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

बाकी बहुतेक घरांमध्ये अडतं ते पहिल्या फोनवर. "चल, आपण मिळून काहीतरी करू" असं म्हणू नका, ते मुलांना जाळ्यासारखं वाटतं. ज्यात ती तुमच्यापेक्षा खरोखर हुशार आहे अशी एक गोष्ट शोधा आणि म्हणा, "मला हे जमत नाही, तू दाखवशील का?" ती "बघू" म्हणाली, तर आठवडाभर पुन्हा विचारू नका. आणि दाखवायला बसली की मध्ये दुसरा विषय काढू नका.