टीएसएच आणि युरिक ॲसिड दोन्ही वाढलेले, आता काय?

प्रश्न : वजन ११८ किलो. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक) ५.८, एफटी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, टी-४) नॉर्मल, अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटीबॉडी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड ८.२. गाउटसाठी (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल घेतो. पुढच्या महिन्यात वजनाची शस्त्रक्रिया आहे, पण डॉक्टर थायरॉइडची गोळी द्यायला तयार नाहीत. का?

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. चरबीतून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला टीआरएच (टीएसएच सोडायला सांगणारं संप्रेरक) वाढवायला लावतं आणि त्यामागोमाग टीएसएच चढतो. त्यात लठ्ठपणात पिट्यूटरी टी-४ला नीट दाद देत नाही. तो पुरेसा असूनही टीएसएच हवा तितका उतरत नाही. संवेदनशीलता कमी झाली म्हणतात ती हीच. संशोधक ती टीएफक्यूआय या निर्देशांकाने मोजतात : उणे १ ते अधिक १, आणि शून्याच्या जितका वर तितकी संवेदनशीलता कमी. त्यावरून एकट्यादुकट्या रुग्णाचे उपचार ठरत नाहीत, तेव्हा लॅबमध्ये तो मागत बसू नका. वजन उतरलं की असा टीएसएच बहुधा आपसूक खाली येतो. १०च्या वर गेला तर गोष्ट वेगळी.

युरिक ॲसिडचं मूळही बरंचसं लठ्ठपणातच आहे. त्यातल्या इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा) मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याऐवजी परत शोषून घेतात. पण शस्त्रक्रियेनंतर लगेच आकडा पडेल असं धरून चालू नका. पहिले काही आठवडे तो उलट वाढू शकतो : पेशी झपाट्याने मोडतात, उपासमारीतले कीटोन युरिक ॲसिडची लघवीतली वाट अडवतात, आणि पाणी कमी जातं. गाउट नेमका तेव्हाच उसळतो. म्हणून ॲलोप्युरिनॉल मनाने थांबवू नका. मूत्रपिंडाची तपासणी पाहून गाउटची उसळी टाळायला कमी डोसचं कोल्चिसिन सुरू करायचं का, हे आधीच विचारा. घोट घोट करत दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी. अंगठा सुजला म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. गॅस्ट्रिक बायपासनंतर (वजनाची एक शस्त्रक्रिया) पोट-आतड्याच्या जोडावर त्यांनी अल्सर होऊ शकतो. ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, तेव्हा दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. लक्ष्य ६च्या खाली.

प्रश्न : बायपासला चार महिने झाले. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू आहे. केस गळतात म्हणून बायोटिन घेते. टीएसएच ०.२ आला, एफटी-४ जास्त. डोस कमी करू?

उत्तर : आधी बायोटिन थांबवा, किमान दोन दिवस, मोठा डोस असेल तर आणखी, आणि मग पुन्हा रक्त द्या. अनेक लॅबच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन त्यात घुसून टीएसएच खोटा कमी आणि एफटी-४ खोटा जास्त दाखवतं. तरीही तेच आकडे आले, तर डोस खरोखर जास्त होत असेल, कारण तो वजनावर बेतलेला असतो आणि वजन आता उतरलंय. धडधड, हात थरथरणं असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. आणि कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून ४ तास लांब. नाहीतर याच्या उलट होतं, गोळी नीट शोषलीच जात नाही.