शनिवारची रात्र, ओहायोची दुपार

गेल्या अंकात मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसमधल्या माझ्या शिक्षणाच्या दिवसांबद्दल आणि तिथे लागलेल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या नादाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत खेळाइतकंच खाण्याबद्दल आणि बँडच्या वाजवण्याबद्दल विचारलंय. मला याचा फार आनंद झाला, कारण माझ्या लेखी या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. त्यातले काही प्रश्न घेते.

ताई, तुम्ही माहीमला राहता, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवता. मग परदेशातल्या कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला रात्री जागता कशासाठी? बघायचीच तर तिथली व्यावसायिक लीग बघावी. (एक वाचक, डोंबिवली)

व्यावसायिक लीगमधला खेळ जास्त सफाईदार असतो, यात वाद नाही. पण तिथला संघ मालकाचा. मालकाच्या मनात आलं की संघ गाव बदलतो. ओकलंडचा रेडर्स संघ २०२० मध्ये लास वेगासला गेला आणि ओकलंडचे लोक बघत राहिले. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी कोलंबस सोडून कुठे जाणार? तिचं स्टेडियम १९२२ पासून ओलेंटँगी नदीच्या काठी उभं आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, एक लाखाहून जास्त माणसं बसतील असं. आपली तीन वानखेडे मावतील एवढी माणसं, तीही एका विद्यापीठाच्या मैदानावर.

आणि त्या लाखभरात नुसती पोरं नसतात. माझी घरमालकीण सत्तरीची होती. स्वतः तिथे शिकलेली, मुलगी तिथे शिकलेली. मॅचच्या सकाळी ती लाल स्वेटर घालून जिन्यातून ‘ओ-एच!’ अशी हाक द्यायची आणि वरून मी ‘आय-ओ!’ म्हणून ओहायोचं स्पेलिंग पुरं केल्याशिवाय खाली चहा ठेवायची नाही. हीच हाक स्टेडियमच्या चार बाजूंनी फिरते तेव्हा अंगावर काटा येतो. एकांकिका स्पर्धेत निकालाआधी ‘अरे आव्वाज कुणाचा!’ ओरडून ज्यांनी घसा बसवून घेतलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. मी पहिल्यांदा त्या स्टेडियममध्ये गेले तेव्हा मला परकं वाटलंच नाही. हे मला येत होतं.

जागरणाचं म्हणाल तर आमच्या पुष्कळ मॅच तिथल्या दुपारी १२ ला सुरू होतात. तिथल्या चाहत्यांना ही वेळ अजिबात आवडत नाही, मला मात्र अतिशय आवडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की साडेदहा.

मी बघायचा प्रयत्न केला, पण खेळ सारखा थांबतो. यात नेमकं बघायचं काय? (एक विद्यार्थी, कल्याण)

आधी एवढंच धरून ठेव: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, त्याचे सहा गुण. तिथवर जमत नसेल तर लाथेने चेंडू खांबांमधून घालवायचा, त्याचे तीन. बाकी हळूहळू कळतं.

खेळ थांबतो तो फुकट नाही. तेवढ्या वेळात दोन्ही बाजू पुढची चाल ठरवत असतात. आणि माझं ऐकशील तर पहिल्या दहा मिनिटांत चेंडूकडे बघूच नकोस. मधल्या पाच धिप्पाड पोरांकडे बघ, जी चेंडू घेऊन पळत नाहीत, नुसती रेटून वाट करून देतात. मॅच तिथे ठरते.

मॅच बघताना काय खाता? तिकडचं काही घरी करता का? (एक गृहिणी, मुलुंड)

या प्रश्नासाठी मला पूर्ण अंक द्या!

तिकडे मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून, शेगड्या पेटवून लोक सकाळपासून खातात. त्याला टेलगेटिंग म्हणतात. अनोळखी माणूसही बशी हातात देतो. तिथलं मला मनापासून आवडलेलं म्हणजे ‘बकाय’ नावाची मिठाई. पीनट बटर आणि पिठीसाखरेच्या गोळ्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, पण वर एक वाटोळा भाग उघडा सोडायचा, म्हणजे ती ओहायोतल्या बकाय झाडाच्या बीसारखी दिसते. संघाचं नावही तेच. ही मी घरी करते. मुंबईच्या हवेत गोळ्या बुडवण्याआधी फ्रीजमध्ये चांगल्या घट्ट करून घ्याव्या लागतात, नाही तर चॉकलेटमध्येच विरघळतात.

पण रात्री साडेनऊच्या मॅचला माझी निवड कोथिंबीर वडी. हे मी विचार करून सांगतेय. मॅचचं खाणं एका हाताने खाता आलं पाहिजे, ठिबकता कामा नये, आणि आपण ओरडत उभे राहिलो तरी बशीत जागच्या जागी राहिलं पाहिजे. वड्या दुपारी उकडून ठेवायच्या, पहिला क्वार्टर संपला की तळायच्या. तीळ हवेतच. बेसनात थोडं तांदळाचं पीठ घातलं तर दुसऱ्या हाफपर्यंत कुरकुरीत राहतात. बरोबर लसणाची सुकी चटणी. वेफरचं पाकीट मी घरात आणत नाही. दोन संघ जीव तोडून खेळताहेत आणि आपण पाकीट फोडून बसायचं, हे मला पटत नाही.

तिकडची मॅच संध्याकाळी साडेसातची असली तर आपल्याकडे रविवारचे पहाटेचे पाच वाजतात. अशा दिवशी हाफटाइमला कांदेपोहे. कॉलेजच्या खेळात हाफटाइम वीस मिनिटांचा असतो, तेवढ्यात पोहे भिजवून, फोडणीला टाकून, वर खोबरं-कोथिंबीर घालून होतात. मॅच साडेआठच्या सुमारास संपते आणि मी तशीच पिशवी घेऊन मटण आणायला बाहेर पडते. जिंकलो असू तर वडे-सागुती, हरलो असू तरी वडे-सागुती.

मिसळ चालेल का? (एक वाचक, ठाणे)

मॅच बघताना नाही. मिसळीला पूर्ण लक्ष द्यावं लागतं. आपण चौथ्या प्रयत्नाकडे बघत बसलो की तेवढ्यात फरसाण मऊ पडतं. मिसळ सकाळी, मॅच संपल्यावर, दुसरं काही समोर नसताना खावी.

तुम्ही कॉलेजच्या बँडचं एवढं कौतुक केलंत. आमच्याकडे मिरवणुकीच्या आवाजाने खिडक्या हादरतात. त्याचंही कौतुक करायचं का? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

तुमचा त्रास खरा आहे, आणि तो स्पीकरच्या भिंतींचा आहे. त्या भिंतीमागे कुणी वाजवत नसतं. माणसांनी वाजवलेलं संगीत निराळं.

ओहायो स्टेटच्या बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ताल, बासरी-क्लॅरिनेट काही नाही. त्यामुळे त्यांचा स्वर छातीवर येतो. ही पोरं इंजिनिअरिंग शिकणारी, नर्सिंग शिकणारी. राखीव वादक दर आठवड्याला नेहमीच्या वादकाला आव्हान देऊन त्याची जागा घेऊ शकतो, इतकी तिथे चुरस. मैदानावर चालत चालत ते वळणदार अक्षरांत ‘ओहायो’ हे नाव लिहितात. ही कवायत १९३६ पासून चालू आहे. शेवटी सूझाफोन हे अंगाभोवती गुंडाळलेलं अवजड वाद्य घेतलेला एक जण ऐटीत पावलं टाकत जातो आणि इंग्रजीतल्या ‘आय’च्या टिंबाच्या जागी उभा राहून वाकून नमस्कार करतो. हा मान चौथ्या-पाचव्या वर्षाच्या वादकाला मिळतो. एका टिंबासाठी एवढी वर्षं झटायचं, आणि लाख माणसांनी त्या टिंबासाठी उभं राहायचं! मला याच्यापुढे टचडाउनचं काही वाटत नाही.

म्हणून एक तक्रार मी इथे मांडतेच. दूरचित्रवाणीवर हाफटाइमला बँड सहसा दाखवतच नाहीत. स्टुडिओत बसलेले तज्ज्ञ बोलत राहतात. अर्धा खेळ कापून टाकल्यासारखं होतं ते. मी बँडची चित्रफीत नंतर शोधून बघतेच, आणि घरातल्यांनाही बसवते.

आणि हेच प्रेम मला आपल्या बेंजोबद्दल आहे. लालबाग-परळमध्ये गाडीवर बेंजो, खाली ढोलक, ताशा आणि संबळ अशी पार्टी रंगात येते, तेव्हा बेंजोवाला समोरच्या नाचणाऱ्याकडे बघून लय वाढवतो. स्पीकरला ते कधी जमेल? तुमच्या गिरगावातच पाडव्याच्या शोभायात्रेत मुली फेटे बांधून ताशा वाजवतात. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या मुली आहेत त्या. त्यांच्यासाठी तुम्ही खिडकी उघडी ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. मंडळांनीही स्पीकरचे पैसे वाचवून वाजवणाऱ्यांना नीट मानधन द्यावं.

आता त्या खेळाडूंना पैसे मिळतात म्हणे. मग तो कॉलेजचा खेळ कसला राहिला? शिवाय डोक्याला मार लागतो तो वेगळाच. (एक प्राध्यापक, विलेपार्ले)

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे: मिळायलाच हवेत. प्रशिक्षक कोट्यवधी कमवत होते, दूरचित्रवाणीचे करार होत होते, आणि ज्याच्या जिवावर हे चाललंय त्या पोराने स्वतःच्या नावाने जाहिरात केली तर तो अपात्र ठरायचा. २०२१ च्या जुलैपासून ते बंधन गेलं. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. मला खटकतं ते दुसरंच. दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची संख्या फार वाढलीये. ज्याला नावाने हाक मारायला शिकलो, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच रंगात दिसतो.

डोक्याच्या दुखापतींबद्दल तुमची काळजी रास्त आहे. डोक्याने धडक मारणाऱ्याला २०१३ पासून मैदानाबाहेर काढतात, आणि माझ्या लाडक्या खेळाडूवर ही कारवाई झाली तरी ती मला योग्यच वाटते. नियम अजून कडक झाले तर मला हवेच आहेत.

क्रिकेट सोडलंत का? (एक वाचक, दादर)

माहीमला राहून? छे! पण आयपीएल मी फारशी बघत नाही. मला कांगा लीग आवडते. १९४८ पासून मुंबईच्या पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो, आणि फलंदाजाचं खरं तंत्र तिथे दिसतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, तिकीट नाही. हॅरिस शील्डही बघा. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली ती शाळेच्या त्या स्पर्धेत. बघायला स्टेडियमभर माणसं नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

तीच गत आपल्या कॉलेजच्या मॅचची. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना असतो आणि बघायला राखीव खेळाडू आणि दोन-चार मित्र. माझ्या वर्गातल्या मुली खेळतात तेव्हा मी जाते आणि बरोबर बाकीच्या वर्गालाही नेते. त्या दिवशी प्रॅक्टिकल पुढे ढकलते.

मिशिगन विद्यापीठाच्या संघाशी एवढं वैर का? आणि यंदाची ती मॅच आम्हाला बघायची आहे. (दोघी मैत्रिणी, बोरिवली)

वैर कशावरून सुरू झालं हे सांगत बसले तर जागा पुरणार नाही. त्या आठवड्यात कोलंबसच्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ लाल पट्टीने खोडलेलं असतं, यावरून ओळखा. २०२१ पासून सलग चार वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरलो. २०२४ ची हार तर घरच्या मैदानावर, १०-१३. मी त्या रात्री कुणाशी बोलले नाही. पण त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा बारा संघांची झाली होती, त्यामुळे आम्हाला वाट उरली. टेनेसी, ओरेगन, टेक्सस असे एकेक हरवत आम्ही अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३ ने हरवलं. आपल्याकडे तेव्हा २१ जानेवारी २०२५ ची, मंगळवारची सकाळ होती. पहिलं लेक्चर मी आदल्या दिवशीच बदलून घेतलं होतं.

मॅच नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते, बहुतेक वेळा तिथल्या दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. चार तास धरा. वड्या दुपारीच उकडून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला घरी बोलावू नका.