जन्म ह्यूस्टनचा, संसार मिसिसागाचा, विवरणपत्र कुणाचं?

प्रश्न : ताई, माझा जन्म १९८९ साली ह्यूस्टनचा. बाबा तेव्हा तिथे पीएच.डी. करत होते. मी दोन वर्षांची असताना आम्ही कॅनडात आलो. मी इथेच वाढले, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि जन्मामुळे अमेरिकेचं नागरिकत्वही आहेच. नवरा नाशिकचा, सध्या कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवासी). सहा वर्षांची मुलगी मिसिसागात जन्मली. माझ्या कंपनीचं न्यू जर्सीत ऑफिस आहे आणि तिकडे बदली मिळते आहे. नवऱ्याला अमेरिकेत नेण्यासाठी भरलेला आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) मंजूर झाला. आता एनव्हीसीकडून (अमेरिकेचं व्हिसा केंद्र) आय-८६४ (त्याच्या पोटापाण्याची हमी) आणि त्यासोबत अमेरिकेची कर-विवरणपत्रं मागितली आहेत. मी ती आयुष्यात कधी भरली नाहीत. सीआरएकडे (कॅनडाचं कर-खातं) मात्र दरवर्षी वेळेवर भरते. पगार ८२,००० कॅनेडियन डॉलर. एक मैत्रीण म्हणते, कॅनडाचीच कागदपत्रं पाठव. दुसरी म्हणते, फक्त गेल्या वर्षाचं गुपचूप भरून टाक. न्यू जर्सीतल्या एडिसनचे काका जॉइंट स्पॉन्सर (सोबतचे हमीदार) व्हायला तयार आहेत, मग माझ्या कराचा प्रश्न मिटतो का? दंडाच्या विचाराने रात्री झोप लागत नाही. — एक वाचक, मिसिसागा

उत्तर : आधी झोपेचं बोलू. तुमच्यासारख्या बहुतेकांच्या बाबतीत शेवटी अमेरिकेला द्यायचा कर शून्य निघतो आणि दंडही लागत नाही. पण हे आपोआप होत नाही. कागद भरावे लागतात, आणि योग्य क्रमाने भरावे लागतात.

अमेरिका कर लावते तो नागरिकत्वावर. तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही. मेक्सिको सिटीत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी हे आव्हान थेट सुप्रीम कोर्टात नेलं होतं. १९२४ साली कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि तो आजही लागू आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या असताना देश सोडलात, तिथे एक दिवस नोकरी केली नाहीत, तरी तुमचा मिसिसागाचा पगार अमेरिकेच्या फॉर्म १०४० वर (तिथलं वार्षिक विवरणपत्र) यायलाच हवा होता. आय-८६४ च्या सूचनांतही स्पष्ट लिहिलं आहे की देशाबाहेर राहिल्याने नागरिकाला विवरणपत्रातून सूट मिळत नाही. भरायला हवं होतं आणि भरलं नाही, असं असेल तर थकलेली विवरणपत्रं आधी भरा, मग आय-८६४ पाठवा, असंही त्याच सूचना सांगतात. म्हणजे पहिल्या मैत्रिणीचा सल्ला बाद. सीआरएची नोटीस ऑफ असेसमेंट (कर-आकारणीचं पत्र) ही १०४० च्या जागी चालत नाही.

काकांनी सही केल्यानेही हे मिटत नाही. जॉइंट स्पॉन्सर उत्पन्नाची कमतरता भरून काढतो. मूळ अर्जदार तुम्हीच, तेव्हा तुमचा आय-८६४ तुमच्या कराच्या कागदांसकट जावाच लागतो.

दुसऱ्या मैत्रिणीचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. एकच वर्ष भरून गप्प बसलात तर मागची वर्षं उघडी राहतात, आणि ज्या सवलतीत दंड पूर्ण माफ होतो तिचं संरक्षण मिळत नाही. ती सवलत म्हणजे स्ट्रीमलाइन्ड फॉरेन ऑफशोअर. तीत मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, मागच्या सहा वर्षांचे एफबार (परदेशी खात्यांचे अहवाल) आणि फॉर्म १४६५३ वर तुमच्या शब्दांत खुलासा द्यायचा असतो. राहण्याची अट एवढीच की या तीन वर्षांपैकी निदान एका वर्षी तुम्ही ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर होतात आणि तिथे तुमचं घर नव्हतं. तुम्ही ती सहज पुरी करता. आयआरएसने (अमेरिकेचं कर-खातं) स्वतःहून चौकशी सुरू केली तर मात्र हा दरवाजा बंद होतो, म्हणून रेंगाळू नका.

तो खुलासा दुसऱ्याकडून छापील मजकुरात घेऊ नका. खोटं असेल तर शिक्षा होईल या शपथेवर तुम्ही तिथे सही करता. जे खरं आहे तेच लिहा. कितव्या वर्षी देश सोडला, घरात हा विषय कधी निघाला का, बँकेने जन्मस्थान विचारलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं. २०१४ च्या करारानंतर कॅनडातल्या बँका अमेरिकन खातेदारांची माहिती सीआरएला देतात आणि सीआरए ती आयआरएसला पाठवते. तसा फॉर्म तुम्ही बँकेत भरला असेल तर तोही लिहा. तुम्हाला हे सगळं माहीत होतं आणि तरीही मुद्दाम टाळलं, असं असेल तर ही वाट तुमची नाही. मग माझ्यासारखीकडे न येता आधी कर-वकील गाठा.

एफबार काय ते थोडक्यात. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एका दिवसापुरती जरी १०,००० अमेरिकन डॉलरच्या वर गेली, तरी प्रत्येक खातं कळवावं लागतं. हे आयआरएसकडे जात नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाकडे ऑनलाइन जातं. नवऱ्यासोबतच्या जॉइंट खात्याची पूर्ण शिल्लक दाखवायची, निम्मी नाही. यात कर काहीच नसतो, पण दंडाच्या कहाण्या इथूनच निघतात. रोमानिया आणि अमेरिका असं दुहेरी नागरिकत्व असलेल्या बिटनर यांच्याकडे सरकारने २७२ खात्यांच्या हिशोबाने २७ लाख डॉलरहून जास्त दंड मागितला होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हेतू वाईट नसेल तर दंड खात्यागणिक नाही, वार्षिक अहवालागणिक. रक्कम ५०,००० वर आली. असे आकडे दाखवून आपल्या लोकांना घाबरवणारे सल्लागार मी इथे पाहिले आहेत, आणि घाबरलेल्या माणसाकडून ते भरमसाट फी घेतात याचा मला मनापासून राग आहे. स्ट्रीमलाइन्डमधून गेलात तर एफबारचा दंड शून्य.

आता तुमच्या पगाराचा हिशोब. २०२४ च्या सरासरी दराने ८२,००० कॅनेडियन म्हणजे साधारण ५९,८५० अमेरिकन डॉलर. १४,६०० ची ठरावीक वजावट जाऊन अमेरिकेचा कर ५,२०० च्या आसपास येतो. ऑन्टारिओत तुम्ही फेडरल आणि प्रांताचा मिळून ११,००० अमेरिकन डॉलरच्या वर भरलेले असणार. फॉर्म १११६ वर त्याचं क्रेडिट घेतलं की अमेरिकेचं देणं उरत नाही, आणि उरलेलं क्रेडिट दहा वर्षं पुढे नेता येतं.

इथे एक गोष्ट मी दरवेळी आग्रहाने सांगते. परदेशी पगार पूर्ण वगळण्याचीही सोय आहे, फॉर्म २५५५. २०२४ साठी तिची मर्यादा १,२६,५०० डॉलर. सॉफ्टवेअर बहुधा तीच सुचवतं, कारण सोपी आहे. करही शून्यच येतो. पण मग १०४० वरचं एकूण उत्पन्नही शून्य दिसतं. आय-८६४ मध्ये तोच आकडा लिहायचा असतो, आणि ज्या बाईचा पगार दिसतच नाही ती नवऱ्याला कशी पोसणार, असा प्रश्न समोरच्याला पडतो. मग खुलासे, पत्रं, महिने. फॉर्म १११६ ने गेलात तर पगार आहे तसा दिसतो. कॅनडासारख्या जास्त कराच्या देशात राहून इमिग्रेशनचा अर्ज चालू असेल तर मी क्रेडिटचाच मार्ग घेते.

विवरणपत्रात तुमचा दर्जा 'विवाहित, स्वतंत्र' असा राहील. नवऱ्याला अमेरिकेचा नंबर नसेल आणि तो असायची गरजही नसेल, तर त्याच्या रकान्यात एनआरए (अनिवासी परदेशी) लिहायचं. त्याला रहिवासी मानून एकत्र भरता येतं, पण मग त्याचं जगभरचं उत्पन्न आत येतं. तुमच्या बाबतीत मला त्यात फायदा दिसत नाही. टीएफएसए या बचत खात्यातलं व्याज कॅनडात करमुक्त असलं तरी अमेरिका ते उत्पन्न धरते. आरआरएसपी या निवृत्तीच्या खात्याची काळजी नको, दोन देशांतल्या करारामुळे त्यातला कर पैसे काढेपर्यंत लांबतो.

स्ट्रीमलाइन्डची विवरणपत्रं कागदावर, टेक्ससमधल्या ऑस्टिनला जातात, आणि पहिल्या पानावर लाल शाईने कार्यक्रमाचं नाव लिहावं लागतं. कागदी विवरणपत्रं नोंदायला महिने लागतात. नोंद झाल्याशिवाय ट्रान्सक्रिप्ट (विवरणपत्राचा आयआरएसकडचा उतारा) निघत नाही, आणि आय-८६४ सोबत आयआरएसचं ट्रान्सक्रिप्ट देणं सगळ्यात उत्तम. म्हणून एनव्हीसीच्या पत्राला उत्तर देण्याआधी ऑस्टिनचं पाकीट रवाना करा. पोस्टाची पावती आणि सगळ्याच्या प्रती जपून ठेवा. मुलाखत मॉन्ट्रियलला होईल. कॅनडातले इमिग्रंट व्हिसा तिथेच होतात.

उत्पन्नाबद्दल : स्पॉन्सरला दाखवावं लागणारं किमान वार्षिक उत्पन्न तुम्हा तिघांसाठी २०२५ मध्ये ३३,३१२ डॉलर होतं. कॅनडातली नोकरी सुटणार असेल तर तिचा पगार यात धरत नाहीत. बदली असेल तर न्यू जर्सीच्या पगाराचं, रुजू होण्याच्या तारखेचं कंपनीचं पत्र घ्या, म्हणजे काकांची गरजच पडणार नाही. बदली फिसकटली तर मिसिसागाच्या घरातली कर्ज वजा जाता उरणारी किंमतही चालते. पत्नी नवऱ्याला स्पॉन्सर करत असताना कमतरतेच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. काकांना सही करायला सांगायचंच झालं तर त्यांना नीट बसवून समजावून सांगा. तो कोर्टात चालणारा करार आहे, आणि तुमचा घटस्फोट झाला तरी त्यांची जबाबदारी संपत नाही. तुम्ही अमेरिकेत वास्तव्य करणार आहात हे मात्र तुम्हालाच सिद्ध करावं लागेल : भाडेकरार, बँक खातं, मुलीचा शाळाप्रवेश. इथे काकांचा उपयोग नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला काळजी वाटते ती मुलीची. तुम्ही अमेरिकन म्हणून ती जन्मतः अमेरिकन, असं तुम्ही धरून चालला आहात का? तुम्ही एकट्याच अमेरिकन नागरिक असाल, तर तिच्या जन्माआधी तुम्ही पाच वर्षं अमेरिकेत राहिलेल्या असायला हव्या होत्या, त्यातली दोन चौदाव्या वर्षानंतर. तुम्ही दोन वर्षांच्या असतानाच निघालात. म्हणजे तिच्यासाठी वेगळा आय-१३० हवा. वडिलांच्या अर्जावर ती आपोआप येत नाही. भरला नसेल तर याच आठवड्यात भरा. इमिग्रंट व्हिसावर ती अठराच्या आत तुमच्यासोबत राहायला अमेरिकेत शिरली की त्या क्षणी नागरिक होते.

आणि नवऱ्याला सांगा, नाशिकच्या एजंटाकडचे म्युच्युअल फंड असतील तर इमिग्रंट व्हिसावर जाण्याआधी त्यांचा निर्णय करा. तिकडे पोचल्यावर तोही अमेरिकेचा करदाता होतो, आणि भारतीय फंडांना अमेरिका फार कडक नियम लावते, शिवाय प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१. विकण्याआधी कॅनडा आणि भारतातला भांडवली नफ्याचा कर तपासा.

प्रश्न : मुलगा शिकागोला जन्मला, चार वर्षांचा असताना आम्ही पुण्याला परतलो. त्याचं ओसीआय आहे, म्हणजे दुहेरी नागरिकत्व. हिंजवडीत बारा लाखांची नोकरी. सून साताऱ्याची. त्याला तिला घेऊन अमेरिकेत जायचं आहे. पगारावर भारतात टीडीएस कापला जातो, मग तिकडे पुन्हा कशाला भरायचं? — एक वडील, कोथरूड

उत्तर : काका, ओसीआय हे भारतात राहण्याची मुभा देणारं कार्ड आहे, नागरिकत्व नाही. भारताची राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. तुमचा मुलगा फक्त अमेरिकन नागरिक आहे. विवरणपत्राचं बंधन त्याला वरच्या ताईंइतकंच आहे, आणि थकबाकी निस्तरण्याची वाटही तीच.

विवाहित माणूस वेगळं विवरणपत्र भरत असेल तर उत्पन्न ५ डॉलर झालं तरी ते भरावंच लागतं. म्हणून 'पगार कमी आहे' हे कारण त्याला देता येणार नाही. बारा लाख म्हणजे साधारण १४,००० डॉलर. २०२५ ची ठरावीक वजावट १५,७५० आहे, तेव्हा पगारावरचा कर शून्यच. कष्ट आहेत ते हिशोबाचे. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. एकाच विवरणपत्रासाठी दोन फॉर्म १६ फोडावे लागतात, म्हणून सगळ्या पगारपत्रिका काढून ठेवा. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी तिकडे दाखवावं लागेल. एसआयपी चालू असतील तर अमेरिकेचा कर समजणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय नवीन हप्ता भरू नका. हिंजवडीची नोकरी सुटणार, तेव्हा आय-८६४ साठी तिकडचा जॉइंट स्पॉन्सर किंवा मालमत्ता लागेल.

प्रश्न : एवढा त्रास असेल तर अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलं तर? — एक वाचक, व्हॅनकुव्हर

उत्तर : सोडतानाही मागच्या पाच वर्षांचा कर पूर्ण भरला आहे असं फॉर्म ८८५४ वर लिहून द्यावं लागतं, त्यामुळे कागद चुकत नाहीत. आणि सोडल्यावर जोडीदारासाठी वा मुलांसाठी अर्ज करण्याचा हक्क जातो. घरातलं कुणी तिकडे जायचं मनात असेल तर आधी त्यांचा मार्ग पूर्ण होऊ द्या.